पट्टा खुर्चीला, पट्टा माणसाला

प्रवासी वाहनांच्या चालकांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणे हे माझे काम. बहुतेक वर्ग एकसारखेच होतात आणि पुढे लक्षातही राहत नाहीत. फोंड्याजवळच्या एका लाल मातीच्या पटांगणावर झालेला वर्ग मात्र लक्षात राहिला. समोर एका संस्थेच्या मिनीबसवरचे चालक होते. त्यांच्या प्रवाशांपैकी काहीजण व्हीलचेअर वापरणारे होते. कोणी फिजिओथेरपीसाठी बांबोळीला जाणारे, तर कोणी पणजीला नोकरीवर. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ ने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर सोपवली आहे, परंतु बसला रॅम्प लावला की विषय संपला, अशी सर्वत्र समजूत दिसते. खुर्ची आत गेल्यानंतरचा सगळा भार चालकावर येतो आणि त्याबद्दल त्याला कोणी काही शिकवलेले नसते.

त्यांच्यातील सर्वांत ज्येष्ठ चालकांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, "सर, खुर्चीला स्वतःचे ब्रेक असतात. ते लावायचे आणि सोबतच्या माणसाने मागून धरायचे. आजवर आमच्या गाडीत कोणी पडलेले नाही." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रिकाम्या बसमध्ये एक जुनी व्हीलचेअर ठेवली, तिच्यावर तांदळाचे पोते बसवले, खुर्चीचे ब्रेक लावले आणि गाडी चालवायला त्यांनाच बसवले. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही आणि मी हात केला की जोरात ब्रेक दाबायचा, एवढेच ठरले होते. ब्रेक लागताच खुर्ची पुढे घसरली, तिची लहान चाके तिरपी झाली आणि पोत्यासकट ती आडवी पडली.

मग खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीतल्या रुळांना बांधली. पट्ट्याचा आकडा खुर्चीच्या पक्क्या सांगाड्यातच अडकला पाहिजे. चाकात, पायटेकूत किंवा निघणाऱ्या हातटेकूत तो कधीही अडकवायचा नाही. मागचे पट्टे जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात असावे लागतात आणि खुर्चीचे तोंड गाडी पुढे जाते त्या दिशेलाच हवे, कारण आडव्या ठेवलेल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला धक्क्याच्या वेळी कोणताही पट्टा नीट धरून ठेवू शकत नाही. पुन्हा तोच वेग, पुन्हा तोच ब्रेक. या वेळी खुर्ची जागची हलली नाही. पोते मात्र आसनावरून सरकून खाली आले. ते ज्येष्ठ चालक आपणहून गाडीतून उतरले, मागच्या दारातून आत आले आणि बराच वेळ त्या रिकाम्या, घट्ट बांधलेल्या खुर्चीकडे पाहत राहिले. चार पट्टे खुर्चीचे, माणसाचा पट्टा वेगळा, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. ज्या खुर्च्या वाहनात आसन म्हणून वापरण्यासाठी बनवतात, त्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेची असते आणि तिच्यात खुर्चीवर व माणसावर त्यांच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो, हा आकडा मी एरवी वर्गाच्या आरंभी सांगतो. त्या दिवशी तो शेवटी सांगितला आणि तोच क्रम मला अधिक योग्य वाटला.

पुढचा तास एका निवृत्त शिक्षिकेने घेतला. मणक्याच्या दुखापतीनंतर त्या व्हीलचेअर वापरतात. सगळे चालक त्यांना टीचर म्हणूनच हाक मारत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक लावता तेव्हा बाकीचे प्रवासी नकळत पाय रोवतात, वळणावर अंग सावरतात. मला ते जमत नाही. भोमकडे गाडी वळली की मीही कलते, आणि पुन्हा सरळ होणे माझ्या हातात नसते." त्यांनी एका तरुण चालकाला पट्टा लावायला सांगितले. त्याने तो हातटेकूवरूनच ओढून घेतला. टीचरनी पट्टा आणि आपले पोट यांच्यामध्ये सबंध मूठ घालून दाखवली आणि मग तो हातटेकूच्या खालून, कमरेच्या हाडांवर कसा बसला पाहिजे, ते त्याच्याकडून करवून घेतले. कमरेखाली संवेदना नसल्याने पट्ट्याखाली साडीची घडी दबून राहिली तरी त्यांना कळत नाही आणि जखम संध्याकाळी दिसते, हेही त्यांनी अगदी सहज सांगितले. खुर्चीला हात लावण्याआधी मला विचारा, सोबतच्या माझ्या मुलाला नव्हे, हे मात्र त्यांनी जरा कडक आवाजात सांगितले. पुस्तकी प्रशिक्षणात हा तास असत नाही, आणि माझ्या मते तिथेच ते लंगडे पडते.

शेवटी तरुण चालकाने विचारले, "हे सगळे बरोबर, पण सर, एका खुर्चीला दहा मिनिटे लागली तर पुढच्या थांब्यावर शिव्या कोण खाणार?" हा प्रश्न खरा होता. वेळापत्रक तेच ठेवून चालकाला काळजी घ्यायला सांगणे म्हणजे चूक त्याच्या नावावर आधीच लिहून ठेवणे होय. संस्थेचे व्यवस्थापक तिथेच बसले होते. त्यांनी सकाळच्या फेरीचा कागद मागवला आणि व्हीलचेअरच्या प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटे वाढवली. त्यामुळे पहिल्या थांब्यांवरच्या प्रवाशांना घरातून लवकर निघावे लागणार होते आणि तक्रारी येणार हे उघड होते. त्या तक्रारी कार्यालयाने ऐकून घ्याव्यात, चालकांच्या गळ्यात घालू नयेत, असे मी त्यांच्याकडून लेखी घेतले.