उललेल्या कातडीला मसाला नको

सोलापूरची थंडी फार नसते, पण जी असते ती कोरडी असते. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पहाटे गारठा, दुपारी चटका देणारं ऊन, आणि हवेत ओलाव्याचा पत्ता नाही. त्या दिवसांत माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आधी हात पुढे येतात, बोलणं मागून. आमच्या पूर्व भागात हे हात ओळखायला शिकावं लागत नाही. विडी वळणाऱ्या बायकांची बोटांची टोकं गुळगुळीत झिजलेली आणि नखांच्या कडेनं उललेली. टॉवेलच्या प्रोसेसमध्ये रंग-ब्लीचिंगवर उभं राहणाऱ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. कडक भाकरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या मावशींचे तळहात पिठानं आणि धगीनं खरबरीत झालेले. "अक्का, लई आग व्हायलीय, काहीतरी चांगलं द्या."

अलीकडे त्यात एक नवी मागणी आली आहे. मोबाइल पुढे करून विचारतात, "हे टॅलो बाम ठेवता का?" म्हणजे कढवून गाळलेली जनावराची चरबी, त्यात एखादं तेल आणि सुवासिक अर्क. परदेशात ती बहुतेक गाई-बैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची असते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईची आणि २०१५ पासून बैल-वळूचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे आपल्याकडे चरबी म्हणजे शेळी-मेंढीची किंवा म्हशीची. विचारणाऱ्याला वाटतं की मी नाक मुरडेन. मी मुरडत नाही. मी धनगराच्या घरातली आहे.

माझी आजी सांगोल्याकडची. मेंढरं घेऊन चालणाऱ्या माणसांच्या टाचा कशा असतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बोकड-मेंढा कापला की गुर्द्याभोवतीची पांढरीशुभ्र, कोरडी चरबी आजी वेगळी मागून घ्यायची. इतर चरबीला मांसाचा वास राहतो, तिला कमी. ती बारीक चिरून पातेल्यात पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवायची. पाणी असल्यामुळे चरबी करपत नाही, आणि मिठानं गाळ खाली बसायला मदत होते. विरघळली की धोतराच्या फडक्यातून गाळायची. गार झाली की वर घट्ट चकती येते, तिच्या खालच्या अंगाला चिकटलेला मळकट थर सुरीनं खरवडायचा, आणि पुन्हा नव्या पाण्यात तेच. दोन-तीनदा केलं की वास जवळजवळ जातो. ही चरबी पितळी डबीत राहायची आणि रात्री पाय धुऊन, पाय ओले असतानाच, टाचांना चोळली जायची. आजी त्यात दुसरं काही घालत नसे. ते "काही न घालणं" किती शहाणपणाचं होतं, हे मला फार्मसी शिकल्यावर नीट कळलं.

कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी आणि त्यांच्या फटींत भरलेली चरबीयुक्त द्रव्यं: सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. हा भराव टिकला तर आतलं पाणी आत राहतं. साबण, ब्लीच, तंबाखूची धूळ, कोरडी हवा यांनी तो झिजतो. पाणी उडतं, पेशी आकसतात, फटी पडतात, आणि त्या फटींतून जे आत शिरतं ते झोंबतं. वरून लावलेला स्निग्ध पदार्थ मुख्यतः एकच काम करतो, पाणी उडू देत नाही. हे काम मेंढीची चरबी चांगलं करते. मेण करतं, तूप करतं. आणि खरं सांगायचं तर या कामात साध्या पेट्रोलियम जेलीच्या पुढे यातलं काहीच नाही. दहा-वीस रुपयांच्या डबीनं ज्याचं काम होतं त्याला मी महागाचं काही सुचवत नाही.

टॅलोच्या जाहिरातीत मात्र एक दावा पुन्हापुन्हा येतो: चरबी आपल्या त्वचेच्या तेलाशी तंतोतंत जुळते म्हणे. तसं नाही. आपल्या तैलग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यात साधारण चौथा हिस्सा वॅक्स एस्टर, म्हणजे मेणासारखी द्रव्यं असतात, त्याशिवाय आठव्या हिश्शाच्या आसपास स्क्वालीन नावाचं तेलकट द्रव्य असतं. चरबीत वॅक्स एस्टर नसतात आणि स्क्वालीनही नगण्यच. साम्य आहे ते मेदाम्लांत: ओलिक, पामिटिक, स्टिअरिक. त्यातलं ओलिक आम्ल भरपूर असलेली तेलं, उदाहरणार्थ ऑलिव्ह, काहींच्या त्वचेचा भराव उलट सैल करतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. चरबीतही ओलिक बरंच असतं. म्हणून टाचेला, कोपराला, तळहाताला चरबी छान; पण फोड-पुटकुळ्या येणाऱ्या तेलकट चेहऱ्याला ती लावू नका असं मी स्पष्ट सांगते. त्यातली अ, ड, ई जीवनसत्त्वं मोजून किंमत लावली असेल तर तेवढे पैसे वाचवा. कातडीवर फरक पडावा इतकी ती नसतात.

माझ्या गिऱ्हाइकांत लिंगायत आहेत, जैन आहेत, चरबीचं नाव काढलं तरी मागे सरकणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी कोकम तेल सांगते. कोकमाच्या बियांपासून निघणारं हे तेल म्हणजे झाडाची चरबीच. घट्ट, पिवळट पांढरे गोळे, स्टिअरिक आणि ओलिक आम्लांनी भरलेले, साधारण ३८ ते ४० अंशांना वितळणारे. कोकणात पाय फुटले की पिढ्यान् पिढ्या हेच लावतात. सोलापुरात मधल्या मारुतीकडे काष्ठौषधीच्या दुकानात चौकशी केली की मिळतं. चरबीला वास, कोकमाला जवळजवळ नाही. मला स्वतःला कोकम जास्त आवडतं.

आणि शतधौत घृत. तांब्याच्या थाळीत गाईचं तूप घ्यायचं, गार पाणी घालून तळहातानं घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. तुपाचा वास जातो, रवा जातो आणि हाताखाली लोण्यासारखं पांढरं, हलकं, गार मलम उरतं. उन्हानं भाजलेल्या, आग होणाऱ्या कातडीला ते फार सुखावतं. पण घोटताना पाणी त्याच्यात अडकून बसतं आणि जिथं पाणी तिथं बुरशी. म्हणून अगदी थोडं करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि वास बदलला की टाकून द्यावं. वर्षभर टिकणारं शतधौत घृत कुणी विकत असेल, तर त्यात काय घातलंय ते डबीवर वाचून मगच घ्या.

आता आपल्या मातीतली करडई. ज्वारीच्या रानाला कडेनं काटेरी करडईचे तास, जनावरं आत शिरू नयेत म्हणून, हे चित्र आपल्या जिल्ह्यात आजही दिसतं. करडईवर काम करणारं संशोधन केंद्रही सोलापुरात आहे. जुन्या वाणांच्या करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल असतं, आणि त्वचेचा भराव घडवायला शरीर तेच वापरतं. सूर्यफुलाचं नेहमीचं तेलही याच घराण्यातलं. ढाक्याच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बाळांत रुग्णालयातला जंतुसंसर्ग कमी झाला होता. तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता, घरी नवजात बाळावर काही करू नका. मी त्यातून एवढंच घेते की चरबी किंवा कोकम एकटं न वापरता त्यात करडई मिसळावी.

घरचं प्रमाण असं: कोकम तेल दोन भाग, करडईचं घाण्याचं तेल चार भाग, मधमाशांचं मेण एक भाग. मेण साठ-बासष्ट अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून सगळं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवावं. उतरवल्यावर सोडून दिलं तर हळूहळू निवताना त्यात रवाळ कण धरतात. ढवळत ढवळत लवकर गार केलं की गुळगुळीत होतं. चरबी वापरणार असाल तर चरबी आणि करडई समसमान घ्या, थंडीत मेणाची गरज पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पर्समधल्या डबीचं तेल होतं, तेव्हा कोकमाच्या मलमातलं मेण दीडपट करा. करडई लवकर खवट होते. छोटी डबी, अंधारात ठेवलेली, कोरड्या बोटानं वापरलेली.

इथपर्यंत सगळे आनंदानं ऐकतात. मग प्रश्न येतोच, "यात औषधी काय घालू?" आणि इथं मी हट्टी होते.

आधीच उललेल्या कातडीवर घातलेली प्रत्येक वनस्पती म्हणजे ॲलर्जीची एक नवी शक्यता. वनस्पती आपली असली, घरची असली तरी. बिब्बा आपलाच आहे ना? टाचांच्या भेगांत बिब्बा भरायची रीत गावोगाव होती आणि बिब्बा उतला की काय होतं तेही गावोगाव माहीत आहे. सुजलेले, पाझरणारे पाय घेऊन माणसं अजूनही येतात. बिब्ब्यातलं तेल कातडी जाळतं, मग ते कितीही जुन्या काळापासून चालत आलेलं असो.

कापराचं तसंच. खोबरेल तेलात कापूर घालून खाजेवर लावणं घराघरांत चालतं. मोठ्या माणसाला त्यानं घटकाभर बरं वाटतं. पण लहान बाळाला कापूर लावू नका, त्याच्या हाताला डबी लागू देऊ नका. कापूर कातडीतूनही शोषला जातो, आणि पोटात गेला तर थोड्या कापरानंही लहान मुलाला झटके येऊ शकतात. हे मी काउंटरवर प्रत्येक नव्या आईला सांगते, तिनं विचारलेलं नसलं तरी.

परदेशी कृती पाहून करणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे 'कॅलेंडुला' म्हणून जे पिवळं-केशरी फूल घालतात ते आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे. दोन्ही वेगळी झाडं आहेत. झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरवून चेहऱ्याला लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. काहींची कातडी उन्हात जाताच लाल झाली. लॅव्हेंडर, टी ट्री यांचे सुवासिक अर्क वासासाठी घालतात, आणि वास हेच संवेदनशील त्वचेचं दुखणं वाढवायचं नेहमीचं कारण असतं.

काही घालायचंच असेल तर एकच वनस्पती घ्या, वाळलेली घ्या आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत तेल सिद्ध करा. आयुर्वेदात त्याचं मोजमाप पक्कं आहे: कल्क, म्हणजे वनस्पती वाटून केलेला लगदा, एक भाग, तेल चार भाग, पाणी किंवा काढा सोळा भाग. शिजत आलेल्या तेलातला कल्क काढून ज्योतीवर धरला आणि तडतडला नाही, म्हणजे पाणी संपलं. ओली कोरफड किंवा कडुनिंबाचा पाला नुसता तेलात बुडवून ठेवलेल्या बाटलीत चार दिवसांनी काय वाढतं, ते पाहून तरी लोकांनी ते बंद करावं. तयार मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून काही दिवस पाहा.

मलमापेक्षा जास्त फरक अंघोळीनं पडतो. आमच्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवशी बोअर. बोअरचं पाणी जड. साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण साबण जास्त घासतो आणि त्याचा थर कातडीवर बसतो. साबण काखा-जांघा-पायांपुरता ठेवा. पाणी कोमट घ्या, कढत नको. आपला सोलापुरी टॉवेल नवा असला की अंगावर घासायला फार बरा वाटतो, पण खाजणाऱ्या कातडीला तो नुसता टिपून घ्या. अंग थोडं ओलं आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत, मलम लावा. कोरड्या अंगावर लावलेली चरबी कोरडेपणच झाकून ठेवते. विडीवर बसायच्या आधी मात्र लावू नका, तंबाखूची धूळ चिकटते. रात्री हात धुऊन लावा आणि जुने सुती मोजे हातात घालून झोपा. रंगखात्यात काम करणाऱ्यांना आत सुती आणि वर रबरी हातमोजे मिळाले नाहीत तर कुठलंही मलम पुरं पडणार नाही, हे मालकांनीही ऐकावं.

आणि काही खाज कोरडेपणाची नसतेच. गोल चकती, कडा उठलेली, मधे साफ: तो नायटा, बुरशी. तिच्यावर चरबी-तूप चोळून काही होणार नाही. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात, घरात दोघा-तिघांना एकदम: ती खरूज, सगळ्यांना एकाच वेळी औषध लागतं. पाझर, पिवळे खपले, ताप असेल तर डॉक्टर. नायट्यावर स्टिरॉइडची मिश्र ट्यूब लावून तो अंगभर पसरवून आलेली माणसं पाहून मला फार वाईट वाटतं. २०१८ पासून लावायची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे आणि तो मी पाळते, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी. तीन दिवसांत जादू करणाऱ्या, लेबल नसलेल्या 'हर्बल' डब्यांपासूनही दूर राहा. जगभरात अशा डब्यांत लपवलेलं स्टिरॉइड सापडलेलं आहे.

"तुम्हीच करून विका की अक्का," असं बरेचजण म्हणतात. विकायला सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवाना लागतो, जागा लागते, तपासणी लागते, आणि घरच्या पातेल्यातलं मलम दुकानात ठेवणं मला मान्य नाही. कोकम, करडईचं तेल आणि मेण घेऊन या. कुणाला किती प्रमाण लागेल ते मी कागदावर लिहून देते. दुपारी एक ते चारमध्ये गर्दी कमी असते.