पिंजऱ्यातला बिबट्या

आज निफाडकडे मामांच्या वस्तीवर बिबट्या पिंजऱ्यात सापडला. गाव लोटलं होतं, मोबाईल वर करून. मला दिसलं त्याचं कपाळ. गजांवर धडका देऊन सोललेलं, रक्त नाकापर्यंत ओघळलेलं. गज चावून यांचे सुळेही तुटतात, आणि सुळे गेले की शिकार संपली. मग सोडायचं तरी कुठे?

वनखात्याची माणसं पिंजऱ्यावर गोणपाट टाकत होती. अंधार झाला की जनावर जरा शांत होतं. पोरं ते फोटोसाठी बाजूला सारत होती. फार संताप आला.

गावाची भीती खरी आहे. अंगणात लेकरं खेळतात, त्या आईला मी काय सांगणार! पण आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, मादी तिथेच विते. त्या पिल्लांना ऊस हेच रान.

घरी आल्यावर एवढंच लिहिता आलं :

दोन पावलांत संपते भुई,
तिसऱ्याला लोखंड लागते;
आत अजून रान धावते,
बाहेर गर्दी फोटो मागते.

निफाड-सिन्नरकडच्या मित्रांनो, पुन्हा असा पिंजरा दिसला तर लांबूनच बघा. ते गोणपाट तेवढं राहू द्या.