सिस्टिम ३२ ची मालकी परत ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे

मंडळी, फायलींच्या परवानग्यांचं रिस्टोर चाललं! राजारामपुरीतून घेतलेल्या त्या जुन्या लॅपटॉपचं गाडं अखेर हललं. आधीच्या मालकाने टेकओन ही मालकी घ्यायची कमांड मारून सिस्टिम ३२ मधल्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या फोल्डरमधल्या, ढीगभर फायली ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या सेवेकडून काढून ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या नावावर केल्या होत्या, वर एव्हरीवनला, म्हणजे कुणालाही, फुल कंट्रोल. 'विंडोजच नवं टाक' असं सगळे म्हणाले. पण कमांडने केलेलं कमांडनेच उलटवायचं, नाद तोच आहे.

विंडोजचा मूळ फायलींचा साठा दुरुस्त करणारं डिझमचं रिस्टोरहेल्थ आधी, मग सिस्टिम फायली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ. दोन्ही सुरळीत झाले, फायली शाबूत निघाल्या, परवानग्या मात्र होत्या तशाच. म्हणून विंडोजच्या त्याच बिल्डच्या (आवृत्तीच्या) धडधाकट मशीनवर आयकॅक्ल्स या परवानग्यांच्या कमांडच्या सेव्हने परवानग्यांची यादी काढली. ट्रस्टेडइन्स्टॉलरचा एसआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) सगळ्या मशीनवर एकच असतो, त्यामुळे यादी उसनी चालते. एस-१-५-२१ ने सुरू होणारे एसआयडी तेवढे तपासायचे, ते त्या-त्या मशीनचे किंवा डोमेनचे असतात.

इथून पुढे डोकं पिकलं. रिस्टोर दिलं की दरवेळी 'पाथ सापडत नाही'. पाथ तर समोर दिसतोय! रात्री यादी उघडून ओळ न् ओळ वाचली तेव्हा उलगडलं: यादीत पूर्ण पाथ नसतो, नुसतं नाव असतं. होस्ट्स फाईल सेव्ह केली असेल तर रिस्टोर तिच्यावर नाही, तिच्या वरच्या ईटीसी फोल्डरवर द्यायचं. दिलं, आणि झटक्यात 'सक्सेसफुली प्रोसेस्ड'. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तरी मालक ॲडमिनिस्ट्रेटर्सच. सेव्हमध्ये परवानग्या येतात, मालकी येत नाही. वहिवाट बदलली तरी सातबाऱ्यावर नाव जुनंच. त्यासाठी आयकॅक्ल्सचं सेटओनर वेगळं, आणि 'एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर' अवतरणचिन्हांत, कारण नावात स्पेस आहे. क्रमही महत्त्वाचा. आधी परवानग्या, शेवटी मालकी; उलटं केलं तर आपलाच हात बांधला जातो.

विनएसएक्सएसला, म्हणजे विंडोजच्या त्या मूळ साठ्याच्या फोल्डरला, हात लावावा लागला नाही. सिस्टिम ३२ मधल्या बहुतेक फायली तिथल्याच हार्डलिंक (एकाच फाईलची दुसरी नावं) आहेत, इकडे दुरुस्त केली की तिकडेही झाली.

राईट-क्लिकमध्ये 'टेक ओनरशिप' घालणाऱ्या त्या रेजिस्ट्री फायली कुणीही वापरू नयेत. मालकी घ्यायची सोय करतात, परत द्यायची नाही. आयकॅक्ल्सच्या रीसेटपासूनही सिस्टिम ३२ मध्ये लांब राहा, तो वरच्या फोल्डरच्या परवानग्या सरसकट लावतो.

आता अख्खा फोल्डर एकदम करणार होतो, पण लिहिताना सुचलं की दोन्ही मशीनच्या याद्या एफसी स्लॅश यू या फायली ताडायच्या कमांडने तपासून फरक असलेल्याच जोड्या वेगळ्या काढाव्यात. एका नोंदीच्या दोनच ओळी, नाव आणि परवानगी. यादीची फाईल यूटीएफ-१६ या अक्षर-एन्कोडिंगमध्येच सेव्ह करायची. पाऊस लागलाय, लाईट जातेय, म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेऊन आधी ड्राइव्हची ताजी इमेज (पूर्ण प्रत) काढतो. सुरुवात ड्रायव्हर्स फोल्डरपासून.