भिंतीलाही तिथी हवी

"मॅडम, सोलापुरात चित्रं काढून भागतं का हो?" परांचीवर चढून भिंत रंगवायला लागले की खालून कुणी ना कुणी हे विचारतंच. रिक्षावाले विचारतात, बँकेतले साहेब विचारतात. शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील तर फार काळजीनं विचारतात. एवढ्या उंचीवरून ओरडून नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

भागतं. कसं भागतं, ते सांगायचं तर नान्नांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं घर पूर्व भागातलं, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बाजारात कन्नडही कानावर पडायचं. नान्ना चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. जेकार्ड मागावर विणलेलं फूल आधी चौकटीच्या कागदावर भरावं लागतं. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. पुठ्ठ्यात भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. एक चौकट चुकली तर ती चूक त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीवर उतरणार. म्हणून नान्ना दिवा जवळ ओढून, श्वास धरून चौकटी भरायचे. आता ते काम संगणकावर होतं. पण त्या काळी महाराष्ट्रभर घराघरांत जे मोर आणि कमळं अंगावर घेऊन माणसं झोपली, त्यातली काही माझ्या वडिलांच्या हातची होती. चादरीला कारखान्याचं नाव असायचं. ग्राफ काढणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं, आणि ते असावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

भिंतीवर चित्र मोठं करते ते मी नान्नांच्याच रीतीनं. गेरूत बुडवलेलं सूत ताणून चौकटी मारायच्या आणि हातातल्या कागदावरची एकेक चौकट भिंतीवर न्यायची. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवावं लागलं नाही.

कामं मिळतात ती अशी: शाळा आणि अंगणवाड्यांच्या भिंती, गणपती मंडळांचे देखावे, कधी एखाद्या दवाखान्यातली मुलांची खोली, आणि वर्षभर चित्रकलेच्या शिकवण्या. फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणारे पेंटर संपले. त्यांच्यातल्या एकांकडून मी अक्षराचं वळण शिकले, ते पुढं रिक्षा चालवायला लागले. मी टिकले ती भिंतींमुळं. शहर सुंदर करायचं म्हणून आपल्याकडं उड्डाणपुलाचे खांब, बागांच्या कुंपणभिंती, सरकारी कचेऱ्यांच्या बाहेरच्या भिंती रंगवायची टूम आली आणि माझ्यासारख्यांच्या हाताला काम मिळालं.

पण त्यातलंच एक काम मला अजून सलतं. कंत्राट बाहेरगावच्या माणसाकडं होतं. त्यानं ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं आम्हाला. दर चौरस फुटावर ठरला होता आणि आमच्यापर्यंत येईतो त्यातलं फार थोडं उरलं. भिंतीला ओल होती. आधी ती सुकू द्या, खरवडा, मग प्रायमर मारा, असं मी दोनदा सांगितलं. उद्घाटनाची तारीख जवळ होती, कुणी ऐकलं नाही. पारा 43 च्या पुढं गेलेला, ब्रशवरचा रंग भिंतीला टेकेपर्यंत वाळायचा. तरी आम्ही पाच जणांनी पहाटेपासून दहापर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी काम करून ती पूर्ण केली. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. मग जाहिराती चिकटल्या, मग पिचकाऱ्या. आमचं नाव त्या भिंतीवर नव्हतंच, त्यामुळं बिघडल्यावर सांगायचं कुणाला, हेही येणाऱ्या-जाणाऱ्याला ठाऊक नव्हतं. वर्षभर मी त्या रस्त्यानं गेले नाही.

त्या वर्षभरात मी शहराकडं नीट बघितलं. सोलापूर काय सांभाळतं आणि काय सोडून देतं?

गड्ड्याची यात्रा घ्या. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. एकेका काठीचा मान वेगवेगळ्या समाजांकडं आहे. बाराबंदी घातलेली माणसं ती जड काठी पेलतात आणि त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. मिरवणुकीच्या वाटेवर रात्रभर जागून रांगोळ्या काढल्या जातात, त्यांच्यावरूनच पुढं हजारो पावलं जातात. रांगोळी पुसली जाणार हे काढणारीला माहीत असतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा काढायची असते, आणि कुणी काढायची हेही ठरलेलं असतं.

चार हुतात्म्यांचे पुतळे घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. दर 12 जानेवारीला पुतळ्यांना हार पडतात, त्याआधी ते धुतले जातात. शहराचे पुतळे धुतले जातात ते त्यांना तिथी आहे म्हणून.

आणि आमची बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. पितृ अमावास्येपासून नऊ दिवस बायका तरवडाची पिवळी आणि कुरडूची गुलाबी-पांढरी फुलं, झेंडू, सगळं थरावर थर रचून फुलांचा डोंगर करतात, भोवती फेर धरून गातात आणि शेवटी पाण्यात सोडतात. त्याला अनुदान लागत नाही, टेंडर लागत नाही. अम्मा म्हणायची, "रचणाऱ्या हातांना वर्ष कळतं."

मला तिथं उत्तर सापडलं. आपल्या शहरात ज्याला मान आणि तिथी आहे, ते जगतं. भिंतीला दोन्ही नसतात. उद्घाटन झालं की ती कुणाचीच नसते.

म्हणून आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका भिंत रंगवून मागायला आल्या, तेव्हा मी आधी अटी घातल्या. पैसे शाळेतून शिकून गेलेल्यांनी जमवायचे. त्यातला दहावा हिस्सा वेगळा ठेवायचा, तो फक्त पुढच्या डागडुजीला. खालचा तीन फुटांचा पट्टा सरळ गेरू रंगाचा, म्हणजे हात, पाय, पाणी, काही लागलं तरी तो भाग कुणीही डबा घेऊन पुन्हा मारू शकेल. आणि काम करणाऱ्या सगळ्यांची नावं खाली उजव्या कोपऱ्यात, हेल्परसुद्धा. बाई लगेच हो म्हणाल्या. चित्र काय काढायचं, हे गल्लीतल्या बायकांनी ठरवलं: बतुकम्माचा फेर धरलेल्या बायका, मधे तरवडाचा डोंगर. "अक्का, माझ्या साडीचा काठ हिरवा काढ," असं एकीनं येऊन सांगितलं. काढला. ती आजही पाहुण्यांना घेऊन येते आणि काठ दाखवते.

बतुकम्माच्या आधी ती भिंत धुवायची, हे आता गल्लीनंच ठरवून टाकलंय. मान पाचवी ते सातवीच्या मुलींचा. भिंतीवर अजून एकही जाहिरात चिकटलेली नाही.

महानगरपालिकेकडं आणि पैसे देणाऱ्या मोठ्या कारखानदारांकडं माझं मागणं यापेक्षा फार वेगळं नाही. वीस भिंती रंगवायचे पैसे असतील तर दहाच रंगवा आणि उरलेल्या पैशांत त्या पुढची दहा वर्षं सांभाळा. काम गावातल्या हातांना थेट द्या, मधली माणसं कमी करा. ओल मोजल्याशिवाय तारीख ठरवू नका. नाव लिहू द्या. माझ्याकडं येणाऱ्या मुलांतली दोघं-तिघं तरी ही कला धरून सोलापुरातच राहतील, पुण्याला जाऊन पॅकिंगच्या नोकऱ्या शोधणार नाहीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी मनापासून सांगते.

यंदा डोंगरावरचा पिवळा रंग उन्हानं फिका पडलाय. गेरूचा पट्टा मुली मारतील, पिवळा मी देणार. पितृ अमावास्येच्या आधीच्या रविवारी सकाळी सहाला भिंत धुवायला सुरुवात करतोय. पाणी शेजारच्या घरातून घ्यायचं ठरलंय, बादल्या मात्र कमी आहेत.