पापलेट राज्यमासा झाला, पण त्याच्या पिल्लांचं काय?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं तेव्हा घरच्या ग्रुपवर नुसते तळलेल्या पापलेटचे फोटो पडत होते, मलाही आनंद झालाच कारण पालघरच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती आणि सातपाटीचा पापलेट म्हटलं की आमच्याकडे पुढे काही बोलावंच लागत नाही. पण तेव्हापासून या माशावर जे काही संशोधन हाताला लागेल ते मी वाचत सुटलेय आणि जितकं वाचते तितकं वाटतं की आपण याला ताटात जेवढं ओळखतो त्याच्या पावपटही पाण्यात ओळखत नाही. म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल.

सुरुवात नावापासूनच होते. कॉलेजात आम्हाला पापलेट म्हणजे पॅम्पस अर्जेंटियस असं शिकवलं, पुस्तकात तेच, सरकारी कागदात तेच. हे नाव १७८८ सालचं, युफ्रासेन नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने दिलेलं, आणि ते दिलं गेलं चीनकडच्या माशावरून. नंतर १८२९ मध्ये कुव्हिए या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या बाजूच्या पापलेटला कँडिडस असं वेगळं नाव दिलं होतं पण पुढच्या लोकांनी दोन्ही मासे एकच धरले आणि ते नाव बाजूला पडलं. दिसायला इतके सारखे की वेगळे कोण म्हणणार! मग २०१९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हाडांची रचना, परांमधल्या काट्यांची मोजणी आणि डीएनए हे सगळं एकत्र ठेवून दाखवून दिलं की हिंदी महासागराच्या उत्तर भागातला, म्हणजे आपल्या अरबी समुद्रातला आणि बंगालच्या उपसागरातला पापलेट ही चीनच्या पापलेटपेक्षा वेगळी जात आहे, आणि कुव्हिएचं जुनं नाव परत वापरात आणलं. पॅम्पस कँडिडस. म्हणजे जो मासा आपण पिढ्यानपिढ्या खातोय त्याचं नीट नाव लागायला २०१९ उजाडलं.

कोणी म्हणेल नावाने काय फरक पडतो, चव तर तीच. फरक पडतो. चीनमध्ये तिकडच्या पापलेटवर बरंच काम झालंय, कधी वयात येतो, किती वाढतो, पिल्लं कशी जगवायची, आणि जात एकच धरली की ते आकडे आपण डोळे झाकून आपल्या समुद्राला लावतो. जात वेगळी असेल तर तो हिशोब आपल्याला आपल्याच पाण्यात नव्याने मांडावा लागतो.

आता थोडं माशाबद्दल, कारण हा भाग मला सगळ्यात आवडतो. पुढच्या वेळी पापलेट साफ करायला घ्याल तेव्हा पोटाखाली बघा, बहुतेक माशांना तिथे परांची एक जोडी असते ती याला नसतेच. तोंड एवढंसं. खवले इतके बारीक आणि सुटे की हात लावला तर निघून येतात. आणि खरी गंमत घशात आहे, पापलेट आणि त्याच्या नातेवाईक माशांच्या घशाच्या मागे जाड भिंतीची एक पिशवी असते आणि तिच्या आतल्या बाजूला बारीक काटेरी उंचवटे, तिथे खाल्लेलं भरडलं जातं. भरडायचं काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव, सॅल्प नावाचे पारदर्शक पिंपासारखे प्राणी, आणि जेलीफिश. जेलीफिश म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यावर इतका मांसल मासा उभा राहतो हे मला अजूनही खरं वाटत नाही.

पण हीच सगळी वैशिष्ट्यं त्याला पाळायला निघालं की आडवी येतात. लोक मला सारखं विचारतात की कोळंबीची शेती होते, जिताड्याची होते, मग पापलेटची का करत नाहीत, एवढा भाव आहे तर कोणीतरी केली असती ना. प्रयत्न झालेत की! कुवेतमध्ये पापलेटला झुबैदी म्हणतात आणि तिथे त्याचं वेड आपल्याइतकंच आहे, तिथल्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंड्यापासून पिल्लं वाढवून दाखवली. पण कशी, तर मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या पक्व माद्यांची अंडी हाताने दाबून काढायची, नराचं वीर्य त्यात मिसळायचं, आणि ती फळलेली अंडी किनाऱ्यावर नेऊन टाकीत उबवायची. मग पिल्लांना आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, मग आर्टेमिया नावाचे बारीक कवचधारी जीव, मग हळूहळू तयार खाद्य. म्हणजे सुरुवातीलाच अंड्यांसाठी समुद्रावरच अवलंबून. शेती म्हणायची तर टाकीतल्या माशाने टाकीत अंडी घालून त्याची पुढची पिढी टाकीत वाढली पाहिजे, आणि तिथेच गाडी अडते, कारण हा मासा हाताळणीच सहन करत नाही. जाळीतून काढताना खवले निघतात, कातडीला जखम होते, त्यातून रोग लागतो आणि मासा मरतो. चीनवाल्यांनी त्यांच्या जातीत वर्षानुवर्षं खपून कृत्रिम प्रजनन बसवलंय पण तेही रोहू-कटल्यासारखं घाऊक नाही.

आपल्याकडे मात्र एक दुसरी गोष्ट चांगली जमली आणि तिचं कौतुक पुरेसं होत नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, सीएमएफआरआय, तिच्या तमिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रात २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पानो या माशाचं प्रजनन यशस्वी झालं. चपटा, चंदेरी, लांबून बघाल तर पापलेटचा भाऊच वाटेल. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या तळ्यात वाढवून बघितला तर साधारण ८ महिन्यांत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गेला. दाणेदार खाद्य खातो, कमी खाऱ्या पाण्यात चालतो, पिंजऱ्यात चालतो, हाताळला तरी मरत नाही, शेतकऱ्याला अजून काय पाहिजे. पण पॉम्पानो हा पापलेट नाही हो! तो हलव्याच्या कुळातला, आणि हलवा पण खरा पापलेट नाहीच, काळा पापलेट म्हणून विकला जातो एवढंच. त्यात आता गोड्या पाण्याच्या तळ्यातला रूपचंद आला, तो तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पिराना माशाचा नातेवाईक, आणि तोही कित्येक ठिकाणी पापलेट म्हणून ताटात येतो. मला रूपचंद किंवा पॉम्पानो खाण्याबद्दल काही म्हणायचं नाही, पॉम्पानो तर मस्त लागतो, फक्त त्याला त्याच्या नावाने विका. कारण खोट्या नावाने विकलं की गिऱ्हाइकाला वाटतं पापलेट भरपूर आहे, बाजारात तर दिसतोय, कमी कुठे झालाय!

आणि कमी तर झालाय. सीएमएफआरआयच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात समुद्रातून २.०१ लाख टन मासे उतरले, तोवरच्या ४५ वर्षांतला सगळ्यात खालचा आकडा, आदल्याच वर्षी तो २.९५ लाख होता. त्या वर्षी लागोपाठ वादळं आली, क्यार काय, महा काय, बोटी किनाऱ्यालाच राहिल्या हे खरं. पण पापलेटची तक्रार वादळाच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि त्यातलं मोठं कारण म्हणजे पिल्लं.

आपल्या उत्तर किनाऱ्यावर डोलीची मासेमारी जुनी आहे, खुंटांना बांधलेली मोठी पिशवीसारखी जाळी, भरती-ओहोटीची ओढ जे आणेल ते आत. बोंबील, जवळा, करंदी यांच्यासाठी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवावीच लागते, आणि त्याच पाण्यात पापलेटची पिल्लं फिरत असतात. सातपाटीची दालदी, म्हणजे पाण्यात भिंतीसारखी उभी सोडलेली जाळी, वेगळी, तिच्या मोठ्या आसातून छोटा पापलेट निघून जातो आणि मोठाच अडकतो, म्हणून तर तिथल्या पापलेटचं नाव झालं. मग एकाच समुद्रात एकाची जाळी पिल्लू सोडते आणि दुसऱ्याची पकडते, आणि यावरून गावागावांत जी भांडणं आहेत ती आजची नाहीत. जाळं ओढत नेणारे ट्रॉलर हा वेगळाच विषय.

बाजारात आमच्या नेहमीच्या मावशींच्या पाटीत तळहातापेक्षा लहान पापलेटचे वाटे लागले होते तेव्हा मी विचारलं होतं, मावशी एवढेसे कशाला आणता, वाढू द्या ना त्यांना. मावशी म्हणाल्या, "अगं बाय, डोलीत काय यायचं ते मी ठरवते काय? आलं ते आलं. परत टाकलं तरी जगत नाय ते, मेलेलंच असतं." मला यावर बोलायला काही सुचलं नाही कारण त्या बरोबर होत्या. जो मासा टाकीतल्या जाळीचा स्पर्श सहन करत नाही तो डोलीतून वर येऊन परत पाण्यात जगेल कसा. म्हणजे पिल्लू जाळ्यात आल्यावर काही करण्यात अर्थ नाही, जे करायचं ते जाळ्याच्या आसात आणि जाळं कुठे, कधी लावायचं यात.

यावर संशोधन आहे आणि ते सोपं आहे. ट्रॉलच्या जाळ्याची शेवटची पिशवी शंकरपाळीसारख्या आसाची असते, ओढ लागली की ती आस मिटते आणि पिल्लू अडकतं. तीच आस चौकोनी विणली तर ओढ लागूनही उघडी राहते, पिल्लू सुटून जातं. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, सीआयएफटीने, ४० मिलिमीटरची चौकोनी आस यासाठीच सुचवली. डोलीला मात्र हे जसंच्या तसं लावता येत नाही, ४० ची आस केली तर जवळा कशात पकडणार, बोंबीलवाला कोळी जगणार कशावर. म्हणून डोलीपुरता उपाय म्हणजे पिल्लांचे महिने आणि पिल्लांच्या जागा ओळखून तेवढं पाणी सोडणं, आणि ते ओळखायला डोलवाल्यांनाच सोबत घेऊन वर्षभर मोजणी करायला हवी. ते शोधनिबंध लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचा नाही. केरळने हे आधीच केलं होतं, आपल्याकडे उशिरा आलं पण आलं. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. हे माप तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घेतात, शेपटीच्या टोकापर्यंत नाही, पापलेटची शेपटी लांब असते त्यामुळे हा फरक मोठा पडतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की १३५ खूप कमी आहे. एवढा पापलेट वजनाला शंभर ग्रॅमही भरत नाही. पापलेटची मादी पहिल्यांदा अंड्यावर येते तो आकार वेगवेगळ्या अभ्यासांत २० सेंटिमीटरच्या वर-खाली निघतो, म्हणजे कायद्यात बसणारा पापलेटसुद्धा बहुतेक वेळा एकदाही अंडी न घालता तव्यावर येतो. सुरुवात म्हणून १३५ ठीक, पण तिथेच थांबलो तर नुसतं समाधान. शिवाय पैशाचा हिशोबही मोठ्या माशाच्याच बाजूने आहे, पापलेटची प्रतवारी वजनावर होते आणि मोठ्याला किलोमागे कितीतरी जास्त भाव, म्हणजे आज वाट्यावर गेलेलं पिल्लू काही महिने समुद्रात राहिलं असतं तर त्याच कोळ्याला त्याचे कैक पट पैसे आले असते. फक्त ते त्याच कोळ्याच्या जाळ्यात येईल याची खात्री त्याला कोण देणार, शेजारचा बोटवाला थांबणार नसेल तर हा एकटा का थांबेल. त्यामुळे नियम सगळ्यांना एकदम लागला तरच चालतो.

बंदीचंही तेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. जुनी रीत नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच बोट घालायची, आणि ती पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते, म्हणून पालघरकडचे मच्छीमार बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा म्हणत आलेत. स्वतःचे दिवस कमी करून मागणारी ही माणसं आहेत, त्यांचं ऐकायला हवं.

आणि वाढवण बंदराबद्दल न लिहिता हे संपवता येणार नाही. डहाणूजवळ हे बंदर होतंय, २०२४ च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरी आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव. तिथले मच्छीमार या पट्ट्याला सोन्याचा पट्टा म्हणतात. खडकाळ, चिखलाचं, उथळ, मोठ्या भरतीचं असं पाणी पिल्लांना लागतं आणि तिथेच भराव पडणार. बंदर हवं की नको यावर लोकांची मतं वेगळी असतील, मला ते नको आहे हे मी लपवत नाही. पण होणारच असेल तर निदान भरावाआधी, भराव चालू असताना आणि नंतर त्या पाण्यात अंडी किती, पिल्लं किती, कुठल्या महिन्यात, याची मोजणी व्हावी आणि ते आकडे दर महिन्याला मराठीत, गावच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागावेत. नुकसानभरपाईचं बोलणं त्या आकड्यांवर करता येईल, नाहीतर मच्छीमार म्हणणार मासा गेला आणि कंत्राटदार म्हणणार कुठे होता.

बाजारात मी आता टीचभर लांबीचा पापलेट घेते, टीच म्हणजे अंगठ्यापासून तर्जनीपर्यंतचं ताणलेलं अंतर, माझ्या हाताचं १६ सेंटिमीटर भरतं, तेवढा शेपटीच्या खाचेपर्यंत आला पाहिजे. त्याहून लहान असेल तर त्या दिवशी बोंबील नाहीतर बांगडा, आणि मावशींनाही सांगून ठेवलंय की मोठा असला तरच फोन करा, दोन पैसे जास्त देईन.