जिन्याची किल्ली मुख्य दाराला

आधी सद्यस्थिती. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. घराची चार दारं, त्यांच्या कुलपांतले सहा प्लग (किल्लीबरोबर फिरणारा गाभा), तीस चेंबर (पिनांची भोकं), सगळं आता एका किल्लीवर चालतं. मागच्या दाराला आणखी एक वेगळी किल्लीही चालते, पण ते मुद्दाम केलंय. फाटकाचं कुलूप या योजनेत नाही. आणि सहाही प्लगांच्या मूळ जोडणीत एकही की-पिन (किल्लीच्या कापावर टेकणारी पिन) कानशीनं घासावी लागली नाही. ही नोंद मी खरं तर त्यासाठीच लिहितेय.

एप्रिल-मे: मोजदाद

घर नागपुरातलं, जुनं, दुमजली. मुख्य दार, स्वयंपाकघराकडचं मागचं दार, जिन्याचं आणि गच्चीचं. चारही सागवानी, चारही मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसवलेली कुलपं), आत ६० मिमीचे युरो सिलिंडर (किल्ली जाते तो सुटा भाग), म्हणजे मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्हीकडे ३०-३०. दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढला, किल्ली घालून जराशी फिरवली की कॅम (बोल्ट सरकवणारा मधला दाता) बॉडीच्या रेषेत येतो आणि सिलिंडर अलगद हातात येतो.

पहिली चाचणी किल्ली फिरवायची नसतेच. एका दाराची किल्ली दुसऱ्यात शेवटपर्यंत जाते का, एवढंच बघायचं. मुख्य, मागचं आणि जिना हे तिन्ही एकाच कंपनीचे, किल्लीच्या अंगावरच्या नाळीही त्याच. गच्चीचा दुसऱ्या कंपनीचा; किल्ली तोंडाशीच अडली. की-वे (किल्ली शिरते ती खाच) जुळत नसेल तर आतल्या पिना सोन्याच्या घातल्या तरी काही उपयोग नाही. तो सिलिंडर बाद.

मागच्या दाराचा प्लग बाहेर काढला तर पाच चेंबरांत पिना तीनच. दोन्ही बाजूंना तेच. काही वर्षांपूर्वी किल्ली अडते म्हणून एका कारागिरानं तो 'दुरुस्त' करून दिला होता. दुरुस्ती म्हणजे त्रास देणाऱ्या पिनाच काढून टाकल्या. कुलूप एकदम गुळगुळीत फिरायला लागलं आणि आम्ही खूश! पाच खोल्यांच्या पाच पिना असतील तर कागदावर ३१२५ जोड्या होतात, तीन पिनांच्या फक्त १२५. जुनी दुरुस्ती झालेलं कुलूप घरात असेल, तर एकाच किल्लीचा विचार नंतर करा, आधी ते उघडून पिना मोजा.

जिन्याच्या कुलपाची तक्रार वेगळी होती. डिसेंबरात ते सकाळी हटून बसायचं आणि दुपारी आपोआप सुटायचं. सासूबाई दर दिवाळीला घरातल्या सगळ्या कुलपांत खोबरेल तेलाचे थेंब सोडतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबरातली पहाट त्याच्या कितीतरी खाली जाते. उन्हाळ्यात तेच तेल पातळ होऊन धूळ धरून ठेवतं. प्लग काढला तेव्हा चेंबरांत काळा चिखल होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सगळं धुतलं, वाळवलं आणि चिमूटभर ग्रॅफाइट पावडर घातली. पेन्सिलीचं शिसं किसून घालणारे मला माहीत आहेत. त्यात माती मिसळलेली असते, म्हणून मी ते टाळते.

जून: कोणाची किल्ली राहणार?

सगळ्यांचा पहिला विचार असा असतो की मुख्य दाराची किल्ली ठेवायची आणि बाकीची कुलपं तिच्यावर आणायची. माझाही तोच होता. पण पिनांचा डबा विकत आणायचा नाही, हाताशी असलेल्या पिनांतच भागवायचं, असं एकदा ठरवलं की प्रश्न हिशेबाचा होतो.

मी किल्ल्यांच्या खोल्यांना माझे आकडे दिले. १ म्हणजे सगळ्यांत उथळ काप, ५ म्हणजे सगळ्यांत खोल. शेजारच्या दोन आकड्यांत माझ्या व्हर्नियरवर अर्ध्या मिलिमीटरचा फरक. काप खोल असेल तर पिन लांब लागते, उथळ असेल तर आखूड. मुख्य दार निघालं ३-१-४-२-३. जिना ४-४-२-५-३. मागच्या दाराच्या जुन्या सिलिंडरमध्ये उरलेल्या पिना दोन्ही बाजूंना ५, ४, ४.

मागच्या दाराला आतून किल्लीऐवजी नॉब हवा हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे गॅसचं सिलिंडर आहे. दोन्हीकडून किल्ली लागणाऱ्या दारामागे आग लागली तर किल्ली शोधत बसायचं का? गच्चीलाही तसाच. म्हणजे नवे दोन सिलिंडर, फक्त बाहेरून प्लग असलेले, त्याच कंपनीचे, त्याच की-वेचे, आणि मागच्या दाराचा जुना मोडून त्याच्या पिना वापरायच्या.

इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदार भाऊंनी मी ठेवलेल्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, साठ पायजे का सत्तर? नॉब कोन्या बाजूनं?" एवढं अचूक विचारणारा माणूस भेटला की बरं वाटतं. पण काय करायचंय ते सांगितल्यावर म्हणाले, "नवा सेटच घेऊन टाका ना, एका चाबीचा. कायले डोकं लावता?" त्यांचं चूक नाही. पण डोकं लावायचं म्हणूनच तर हे चाललंय!

नवे सिलिंडर घरी आणून किल्ल्या मोजल्या. एक ५-३-२-४-४, दुसरा ३-५-४-२-५. आता हिशेब मांडा.

मुख्य दाराची किल्ली ठेवली तर जिन्याचे दोन प्लग आणि नवे दोन, असे चार प्लग बदलायचे. त्यांना हव्यात ३च्या आठ पिना आणि १, २ व ४च्या चार-चार. हाताशी जिना, नवे दोन आणि मोडीतला मिळून २६ पिना. पण त्यांत ३च्या चारच, आणि १ची एकही नाही. म्हणजे आठ पिना घासून आखूड करायच्या, त्यातल्या चार तर दीड-दोन मिलिमीटरनं.

जिन्याची किल्ली ठेवली तर मुख्य दाराचे दोन प्लग आणि नवे दोन बदलायचे. लागतात ४च्या आठ आणि २, ३, ५च्या चार-चार. हाताशी ४च्या नऊ, ३च्या सहा, ५च्या पाच, २च्या बरोबर चार. सगळं बसतं! वर सहा पिना शिल्लक.

एवढं सरळ गणित असूनही ते मांडायचं मला आधी सुचलं नव्हतं, कारण मुख्य दार म्हणजे मुख्य किल्ली असं डोक्यात पक्कं होतं. कुलपाला त्याचं काही देणंघेणं नसतं. आपल्या ढिगात कुठल्या पिना किती आहेत त्यावर ठरवा. दोन किल्ल्यांचा हिशेब सारखाच सुटत असेल, तर जिच्यात खोल-उथळ चढउतार जास्त ती घ्या. सगळे काप उथळ असलेली किल्ली जोडायला सोपी, पण कुलूपही तेवढंच लेचंपेचं.

घासायला माझी हरकत का? घासता येतं. हाताच्या ड्रिलमध्ये पिन धरून सपाट टोकाला बारीक कानस लावली की होतं. पण टोक काटकोनात राहिलं नाही तर पिन शिअर लाइनवर (प्लग आणि बॉडी यांच्यामधल्या सीमेवर) तिरपी अडते. त्याहून वाईट पद्धत म्हणजे किल्ली घातलेल्या प्लगवर वर आलेल्या पिना एकदमच कानशीनं सपाट करणं. त्यात प्लगचा वरचा गोलवाही जातो आणि कुलूप कायमचं ढिलं होतं.

श्रावण: फॉलोअर

अमेरिकन पद्धतीच्या सिलिंडरवर शिकलेल्यांना युरो इथे चकवतो. प्लग पुढच्या बाजूनं निघतो आणि त्याच्या मागोमाग फॉलोअर (प्लगच्याच मापाची दांडी) सरकवायचा, नाहीतर वरच्या ड्रायव्हर पिना (की-पिनांना वरून दाबणाऱ्या) आणि स्प्रिंगा खाली कोसळतात. पण मागून वाट कुठे आहे? दोन्ही सर्क्लिप (प्लग अडकवून ठेवणाऱ्या कड्या) आणि कॅम काढल्यावर मधे उरते जेमतेम १० मिमीची फट. अख्खी दांडी तिथून जाणार नाही. म्हणून फॉलोअर तुकड्यांचा हवा. प्लगचा व्यास १३ मिमीच्या आसपास. त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या दांडीचे ९ मिमीचे तुकडे लेथवर कापून घेतले. एक तुकडा फटीतून घालायचा, प्लगला ढकलायचा, मागून दुसरा, मग तिसरा. तुकड्यांच्या कडा मात्र अजिबात घासू नका. कडा गोलावल्या तर दोन तुकड्यांच्या सांध्यात पिन अडकते.

लेथवाल्या भाऊंनी "मारबत झाल्यावर या" म्हणून सांगितलं होतं. इतवारीकडचं कुठलंही काम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, ठेवू नये, हे नागपूरकरांना सांगायला नको.

बाकी क्रम नेहमीचाच. किल्ली थोडी फिरवून ठेवायची म्हणजे चेंबर समोरासमोर येत नाहीत. प्लग काढला की जुन्या पिना ओतायच्या, जिन्याची किल्ली घालायची आणि नव्या पिना एकेक करून चिमट्यानं बसवायच्या. मग प्लगवरून नख फिरवायचं. नखाला एकही टोक किंवा खड्डा लागता कामा नये. ड्रायव्हर पिना सगळ्या एकाच लांबीच्या निघाल्या, त्यामुळे त्यांना हात लावला नाही. कॅममधल्या क्लचच्या (प्लगला कॅमशी जोडणाऱ्या) तुकड्यांचा काढण्याआधी फोटो घ्या. पंखा, कूलर बंद. घामाचं काही खरं नाही, पण स्प्रिंग उडण्यापेक्षा घाम परवडला.

जोडल्यावर नवी किल्ली चालते का ते सगळेच बघतात. जुनी किल्ली चालत नाही ना, हेही बघा.

बाबांची हरकत

तांत्रिक भाग संपला आणि अवघड भाग सुरू झाला. सासऱ्यांच्या जानव्याला मुख्य दाराची किल्ली वर्षानुवर्षं आहे. "मुख्य दाराची किल्ली बदलली? मग जिन्याची बदलायची होती ना!" मी २६ पिनांचा कागद पुढे ठेवला. बाबा निवृत्त अकाउंटंट, त्यांनी बेरीज तपासली, ४च्या रांगेवर बोट ठेवून पुन्हा तपासली, आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. निर्णय मला पसंत नाही." नवी किल्ली त्यांनी घेतली, जुनी काढायला मात्र तयार नाहीत. आता जानव्याला दोन आहेत.

त्यांच्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. एकच किल्ली झाली की ती आतून कुलपात तशीच लावून ठेवायची सवय सगळ्यांना लागते, आणि साध्या युरो सिलिंडरमध्ये आत किल्ली असली की बाहेरची चालत नाही. दुपारी घरातले झोपले की बाहेरचा बाहेरच. दोन्हीकडून चालणारा क्लच असलेले सिलिंडर मिळतात. मुख्य दारासाठी तो पुढेमागे घ्यावा लागेल, आणि त्याच्या पिना अर्थातच पुन्हा जुळवाव्या लागतील. तोवर दाराशेजारी खुंटी.

सध्या: मावशींची किल्ली

घरकामाच्या मावशी मागच्या दारानं येतात. त्यांच्यावर अविश्वास अजिबात नाही. पण त्यांची किल्ली बसमध्ये पडली तर अख्ख्या घराच्या पिना बदलायच्या, हे मला नको होतं. त्यांना फक्त मागचं दार उघडणारी किल्ली हवी, आणि त्याच दाराला आमचीही चालायला हवी.

म्हणजे मास्टर वेफर, पिनेवर ठेवायची पातळ चकती. पाचही चेंबरांत वेफर घातले तर त्या दाराला ३२ वेगवेगळ्या किल्ल्या चालतील. मी एकाच चेंबरात घातला, म्हणून दोनच. तिसऱ्या चेंबरात आमचा आकडा २ आहे. तिथे २ची पिन, तिच्यावर १ मिमीची चकती. ही चकती एका जादा ड्रायव्हर पिनेतून कापली, कानशीचं काम काय ते तेवढंच. आमची किल्ली ४-४-२-५-३, मावशींची ४-४-४-५-३. पिन आणि चकती मिळून उंची ४च्या पिनेएवढीच होते, त्यामुळे स्प्रिंगवर जादा दाब येत नाही. अर्ध्या मिलिमीटरची चकती करण्याच्या फंदात पडू नका, ती चेंबरात आडवी होते.

कुठली किल्ली खोल ठेवायची हे विचार करून ठरवा. मावशींच्या किल्लीचा काप खोल आहे. खोल काप घासून उथळ करता येत नाही, म्हणून त्या किल्लीपासून घासूनपुसून आमची किल्ली बनत नाही. उलटं ठेवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. अर्थात नवीन कोरी किल्ली घेऊन कुणी बसलं तर वेगळी गोष्ट. सुरक्षा-संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये हेच दाखवून दिलं, की एक साधी किल्ली, एक कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या असल्या तर मास्टर किल्ली (सगळी कुलपं उघडणारी) शोधून काढता येते. एका वेफरच्या कुलपात तर तिसरा काप तेवढा शोधायचा. घरापुरतं मला ते चालतं. वसतिगृहाला किंवा ऑफिसला मी सुचवणार नाही.

किल्ली बनवायला चौकातल्या चाबीवाल्याकडे नकलेचं मशीन आहे, आकड्यांवरून कापणारं नाही. तेव्हा आमच्या किल्लीची नक्कल काढून घेतली आणि तिसरा काप घरी १ मिमी खोल केला. नक्कल नेहमी मूळ किल्लीवरूनच काढायची; नकलेची नक्कल काढत गेलं की चूक वाढत जाते. म्हणून जिन्याची कंपनीची एक मूळ किल्ली कपाटात वेगळी ठेवली आहे, ती कुणाला वापरायला मिळणार नाही.

मावशींची किल्ली काढताना तिसऱ्या पिनेवर किंचित अडते. वेफरची कड थोडी मारून बघणार आहे. कुणी पितळेऐवजी स्टीलचा वेफर वापरला असेल तर पिन झिजते का ते सांगा.

फाटक

तिथलं टाळं लिव्हरचं, म्हणजे पिनांऐवजी किल्लीनं पट्ट्या उचलणारं. बॅरनचं १७७८ चं पेटंट, चबचं १८१८ चं, अमेरिकी कुलूपतज्ज्ञ हॉब्जनं १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी किल्लीशिवाय उघडून दाखवलेलं ते घराणं. येलच्या १८६१ नंतरच्या चपट्या किल्लीशी त्याचं जमणं शक्य नाही; किल्लीचा आकारच वेगळा. पिन-सिलिंडरचं पॅडलॉक त्याच की-वेत मिळालं तर विचार करेन. पण उन्हापावसात उघड्यावर लटकणाऱ्या कुलपाला लिव्हरच बरं, असं माझं मत आहे. त्यामुळे शिल्लक सहा पिना सध्या हिंगाच्या डबीत आहेत, ५ची एक, ४ची एक, ३च्या दोन, १च्या दोन. ज्यांना १ची पिन कमी पडत असेल त्यांनी कळवा, ५च्या बदल्यात देते.