पुत्रजया बघायचं तर तळ्याच्या कडेकडेने

मलेशियातल्या पुत्रजयाला जाणारे बहुतेक जण गुलाबी मशिदीसमोर उतरतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत गाडीत बसतात. मग सांगतात, "काही नाही तिथे, नुसती सरकारी ऑफिसं." ऑफिसं आहेतच, त्यासाठीच तर हे शहर बांधलं. पण सगळी मांडणी एका तळ्याभोवती आहे आणि ते तळंही बांधलेलं आहे. तळं डोक्यात ठेवून दिवस आखला तर पुत्रजया बघण्यासारखं आहे. इमारतींची यादी घेऊन निघालात तर दुपारपर्यंत कंटाळाल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय रस्ते एवढे रुंद आणि रिकामे का, हे कळत नाही. इथे पूर्वी प्रांग बसार नावाचा मळा होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो १९२१ मध्ये सुरू केला, आधी रबर आणि पुढे पाम तेल. क्वालालंपूरमधली गर्दी आणि वाहतुकीची कोंडी बघून तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांच्या सरकारने केंद्रीय कार्यालयं बाहेर हलवायचं ठरवलं. जागा निवडली ती राजधानीच्या दक्षिणेला, सुमारे २५ किलोमीटरवर, नवा विमानतळ आणि जुनं शहर यांच्या मधोमध. १९९५ मध्ये काम सुरू झालं, १९९९ मध्ये पंतप्रधानांचं कार्यालय इथे आलं आणि १ फेब्रुवारी २००१ ला पुत्रजया केंद्रशासित प्रदेश झाला. संसद आणि राजाचा मुख्य राजवाडा मात्र क्वालालंपूरमध्येच राहिले. संरक्षण आणि बांधकाम ही खातीही तिकडेच. सुमारे ४९ चौरस किलोमीटरचं हे शहर तीन लाखांहून जास्त लोकांसाठी आखलं होतं. २०२० च्या जनगणनेत तिथे एक लाख नऊ हजारांच्या आसपास माणसं होती. रस्ते रिकामे का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पोचायचं कसं

रेल्वेने जायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही पुत्रजया सेंट्रल या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पहिला केएलआयए ट्रान्झिट (केएलआयए म्हणजे क्वालालंपूरचा विमानतळ). ही गाडी केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनहून निघून वीसेक मिनिटांत पुत्रजयाला पोचते आणि पुढे विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना जाते. हमखास होणारी चूक इथेच. त्याच रुळांवरून केएलआयए एक्स्प्रेसही धावते, ती मध्ये कुठेही थांबत नाही. फलाटावर फक्त "केएलआयए" एवढा शब्द बघून चढलात तर पुत्रजया खिडकीतून मागे जाताना दिसेल आणि विमानतळावरून उलट यावं लागेल. ट्रान्झिटच्या पाट्यांवर या स्टेशनचं नाव 'पुत्रजया आणि सायबरजया' असं असतं, तेही लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रोची पुत्रजया लाइन. तिचा शहराच्या पोटातून पुत्रजयापर्यंत जाणारा टप्पा मार्च २०२३ मध्ये सुरू झाला. तुन रझाक एक्स्चेंज किंवा पर्सियारान केएलसीसीला बसलात की शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, चुकायला वावच नाही. वेळ ट्रान्झिटच्या दुपटीहून जास्त लागतो, पण तिकीट बरंच स्वस्त पडतं. मुक्काम बुकित बिंतांग किंवा केएलसीसीच्या बाजूला असेल तर मी डोळे झाकून एमआरटी सुचवीन, कारण ट्रान्झिटसाठी आधी केएल सेंट्रल गाठण्यातच वाचवलेला वेळ जातो. विमानांच्या मध्ये सहा-सात तास मोकळे असतील तर मात्र ट्रान्झिटच बरी. सामान विमानतळावर ठेवायला द्या आणि नुसती पाठपिशवी घेऊन या. चाकांची बॅग इथे ओढत फिरणं म्हणजे शिक्षा आहे. अशा थांब्यात बाहेर पडायचं तर देशात प्रवेशाचे सगळे सोपस्कार होतात, त्यामुळे मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड आधीच ऑनलाइन भरून ठेवा.

टच अँड गो हे आधी पैसे भरायचं कार्ड दोन्ही मार्गांवर चालतं. पैसे स्टेशनवरच भरून घ्या. आत जाताना आणि बाहेर पडताना एकच कार्ड टेकवायचं. दोघांत एक कार्ड वापरायला गेलात तर दुसऱ्यासाठी दार उघडत नाही.

आता मुख्य अडचण. पुत्रजया सेंट्रल प्रेसिंक्ट ७ मध्ये (प्रेसिंक्ट म्हणजे शहराचा विभाग) आहे आणि बघायचं सगळं तिथून पाच-सहा किलोमीटरवर. स्टेशनबाहेर पडून चालायला लागलात तर उड्डाणपूल आणि गवताचे पट्टे याखेरीज काही दिसणार नाही. स्टेशनखालून बस सुटतात, पण त्या ऑफिसच्या वेळा धरून चालतात आणि दुपारी दोन बसमधलं अंतर वाढतं. दोघं-तिघं असाल तर ग्रॅब म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी घ्या, शहरातल्या शहरात सहसा दहा-बारा रिंगिटच्या आत काम होतं. ग्रॅबमध्ये ठिकाण टाकताना एकच काळजी घ्यायची. सरकारी संकुलं अवाढव्य आहेत आणि एकेकाला अनेक फाटकं आहेत. संकुलाचं नाव टाकलंत तर गाडी सुरक्षारक्षकाच्या फाटकावर जाऊन अडते. त्याऐवजी दातारान पुत्रा हा मोठा चौक, मशीद किंवा बागेचं प्रवेशद्वार अशी सार्वजनिक जागा निवडा.

शहराची रचना

सगळं शहर २० प्रेसिंक्टमध्ये विभागलेलं आहे आणि पत्ते प्रेसिंक्टच्या आकड्यानेच सांगतात. मध्यभागी तळ्याने वेढलेलं एक बेट आहे. उत्तरेला प्रेसिंक्ट १ मध्ये हिरव्या घुमटाचं पंतप्रधान कार्यालय म्हणजे पर्दाना पुत्रा आणि दक्षिणेला प्रेसिंक्ट ५ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र. या दोन टोकांना जोडणारा सरळसोट रस्ता बेटावरून जातो, ४.२ किलोमीटर लांब आणि १०० मीटर रुंद. नकाशावर तो फार मोहक दिसतो. दुपारी बारा वाजता त्यावरून चालायला लागलात की पहिल्याच किलोमीटरमध्ये मोह उतरतो. इमारती रस्त्यापासून इतक्या आत घेतल्या आहेत की त्यांची सावली फुटपाथवर पडत नाही. मध्ये टपरी नाही, दुकान नाही, आणि रस्ता ओलांडायला सिग्नलपर्यंत जाऊन परत यावं लागतं. हा रस्ता समारंभ आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे, चालणाऱ्याचा विचार नंतर झाला. कडेचा तळ्याकाठचा मार्ग मात्र वेगळाच. तिथे झाडं आहेत, वारा आहे, सायकलला वाट आहे. तळ्याचा नुसता काठच ३८ किलोमीटर भरतो, म्हणून मुख्य रस्ता सोडा आणि पाण्याकडे उतरा.

दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. वर विजेच्या तारा नाहीत, कारण तारा आणि नळ जमिनीखालच्या बोगद्यात एकत्र नेले आहेत. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर वातानुकूलनाची धूडंही फारशी दिसत नाहीत. थंड पाणी मध्यवर्ती केंद्रात तयार होतं आणि नळांतून इमारतींपर्यंत जातं. घरांच्या वस्तीत गेलात तर पुढच्या अंगाला कुंपणंही दिसणार नाहीत, तसा नियमच आहे.

तळं आणि पाणथळ

तळं आणि पाणथळ मिळून साधारण ६५० हेक्टरचा पसारा आहे. चुआऊ आणि बिसा या छोट्या नद्या अडवून तो तयार केला. तळ्याची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास आहे. पण नदी अडवली की तळं होतं, स्वच्छ तळं होत नाही. वरच्या अंगाला शेतीसंशोधनाच्या जमिनी आहेत, विद्यापीठांचे परिसर आहेत, गोल्फ मैदानं आहेत. तिथून वाहून येणाऱ्या पाण्यात खताचा अंश असतोच. नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात साचले की शेवाळ माजतं, उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात तर फारच झपाट्याने.

त्यावर उपाय म्हणून तळ्याच्या वर पाणथळ बांधली. तिच्या सहा शाखा आणि २४ कप्पे आहेत, आणि कप्पे पायऱ्यांसारखे उतरते. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी बुटका बंधारा आहे. पाणी त्यावरून सांडून खालच्या कप्प्यात जातं, तिथे रेंगाळतं, गाळ खाली बसतो, आणि लव्हाळ्यांची मुळं व त्यांवरचे जिवाणू खताचा अंश शोषून घेतात. कचरा अडवायला ओढ्यांच्या तोंडाशी जाळीचे सापळे आहेत. एखाद्या बंधाऱ्याशी पाच मिनिटं उभं राहून वरच्या आणि खालच्या कप्प्यातल्या पाण्याचा रंग बघा, विशेषतः आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर. वर चहासारखं गढूळ, खाली बरंच निवळलेलं. अख्ख्या पुत्रजयात मला सगळ्यात जास्त अक्कल खर्च झालेली दिसते ती इथे, घुमटांवर नव्हे. ही यंत्रणा आपोआप चालत नाही, हेही खरं. लव्हाळी कापावी लागतात, बाहेरून आलेलं तण उपटावं लागतं, गाळ काढावा लागतो, नाहीतर कप्पे भरून येतात आणि पाणी न रेंगाळता वरून निघून जातं.

पाणथळीच्या उद्यानात सकाळी लवकर जा. इथे उजाडतंच सातच्या सुमारास, म्हणून साडेसात म्हणजे पहाटच. बगळे, खंड्या, पाणकोंबड्या तेव्हा दिसतात. दहानंतर फक्त ऊन. डासांसाठी मलम लावा आणि पाणी सोबत ठेवा. सकाळ मोकळी असेल तर प्रेसिंक्ट १ मधली ९० हेक्टरांहून मोठी वनस्पती उद्यानाची जागाही त्याच बाजूला आहे. तिथला मोरोक्कन मंडप कोरीवकामासाठी बघावा.

मशिदी

पुत्रा मशीद १९९९ मध्ये पूर्ण झाली. गुलाबी रंग रंगकामाचा नाही, ग्रॅनाइटचा आहे. मिनार ११६ मीटरचा, पाच टप्प्यांचा, आणि आत एका वेळी १५ हजार माणसं मावतात. मुस्लिमेतरांना नमाजाच्या वेळा सोडून आत जाता येतं, साधारणपणे सकाळी नऊ ते साडेबारा, दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी साडेपाच ते सहा. शुक्रवारी सकाळ बंद, दुपारी तीननंतर या. दाराशी टोपीचा पायघोळ झगा फुकट मिळतो. पूर्ण बाह्या आणि पायघोळ कपडे घालून आलात तर रांगेतला वेळ वाचतो. बूट बाहेर काढावे लागतात आणि दुपारी अंगणातली फरशी तापते, म्हणून मोजे असू द्या.

इथून सुमारे २.२ किलोमीटरवर प्रेसिंक्ट ३ मध्ये दुसरी मोठी मशीद आहे, तुआंकू मिझान झैनल आबिदीन. लोक तिला मस्जिद बसी म्हणजे लोखंडी मशीद म्हणतात, कारण बांधकाम मुख्यतः पोलादाचं आहे. भिंतींच्या जागी धातूची जाळी, तिच्यातून वारा आरपार जातो. समोरच्या न्यायालयाच्या इमारतीकडून एक रुंद उंच वाट थेट मशिदीत येते. किब्ल्याच्या म्हणजे मक्केच्या बाजूला १३ मीटर उंच काचेची भिंत आहे आणि तिच्यावर कुराणातल्या आयती कोरल्या आहेत. अक्षरं काचेतच असल्यामुळे उजेड मागून आला की ती हवेत तरंगल्यासारखी वाटतात. गर्दी इथे पुत्रा मशिदीच्या मानाने नगण्य. एकच मशीद बघायची असेल तर मी ही सांगेन. दुपारच्या उन्हातला तास इथे काढायला हरकत नाही.

जेवण, पूल आणि परतीची गाडी

पुत्रा मशिदीला लागून तळ्याकाठी फूडकोर्ट आहे. नासी चंपूर घ्यायचं म्हणजे ताटलीत भात आणि समोरच्या परातींतून हवं ते स्वतः वाढून घ्यायचं, मग काउंटरवरची बाई ताटलीकडे नजर टाकून पैसे सांगते. ताट भरत नेलं की आकडा वाढतो. शाकाहारी लोकांनी भाजीकडे संशयाने बघावं. कांगकुंगसारख्या साध्या पालेभाजीतही बलाचान म्हणजे कोळंबीचा वाटलेला लगदा असतो, आणि सांबाल या मिरचीच्या चटणीत सुकी मासळी. "तक नाक बलाचान, तक नाक इकान बिलिस" (बलाचान नको, सुकी मासळी नको) एवढं पाठ करून ठेवा. अगदीच जमेना तर प्रेसिंक्ट १ मधला अलामांडा मॉल गाठा. शुक्रवारी सरकारी कर्मचाऱ्यांची सुट्टी सव्वाबारा ते पावणेतीन असते, तेव्हा फूडकोर्टात जागा मिळणं कठीण. शनिवार-रविवारी उलट, ऑफिसांमधली उपाहारगृहं बंद.

पूल संध्याकाळी बघावेत. पुत्रा पूल ४३५ मीटरचा, इराणमधल्या इस्फहानच्या खाजू पुलावरून बेतलेला. त्याच्या पोटात मोनोरेलसाठी मजला ठेवला होता. मोनोरेलचं काम मध्येच थांबलं आणि तो मजला तसाच राहिला. सरी वावासान हा शिडासारखा तिरका पूल प्रेसिंक्ट २ आणि ८ ना जोडतो. त्याचा फोटो प्रेसिंक्ट २ च्या काठावरून घ्या, सूर्य पलीकडे मावळतो. मावळती वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान होते, दिवे त्यानंतर लागतात, म्हणून पावणेसातला पोचणं पुरतं.

दुपारनंतर वीज आणि मुसळधार पाऊस हे इथलं नेहमीचंच. तळ्यातली बोटफेरी अशा वेळी थांबवतात, तेव्हा ती सकाळीच उरका. पाऊस सुरू झाला की ग्रॅबचे दर चढतात आणि गाडीही लवकर येत नाही. पुलाच्या मध्यावर आडोसा नसतो, आणि तिथे गाडीला थांबायची परवानगीही नाही. म्हणून ढग दिसले की आधी पुलाच्या टोकाला, छप्पर असलेल्या जागी या आणि मग गाडी बोलवा. स्टेशनवर परतताना कोणत्या मार्गाने जायचं ते आधी ठरवा. ट्रान्झिट आणि एमआरटीची फाटकं वेगवेगळी आहेत, आणि चुकीच्या फाटकाला कार्ड टेकवून आत गेलात तर बाहेर काढून घ्यायला मदतकक्षाची खिडकी गाठावी लागते.